पंख्याखालचा उजेड : मामाचे कानमंत्र

भाचीबाई, प्रकाशा गावातल्या त्या जुन्या धाब्याच्या घरात पंख्याचा दिवा मिणमिणतो, म्हणून शहाद्याहून मोठ्ठा बल्ब आणायला निघालीस म्हणे. जा, पण आधी एवढं ऐकून घे. जुन्या घरात उजेड कमी नसतो गं, त्याला खाणारी तोंडं जास्त असतात. आधी तोंडं मोज, मग बल्ब आण.

१. शिडीवर पाय ठेवण्याआधी मेन स्विच पाड, नुसतं दिव्याचं बटण नको — जुन्या घरात बटण कधीकधी न्यूट्रलवर जोडलेलं सापडतं. तेव्हा दिवा बंद दिसतो आणि होल्डरात करंट तसाच असतो.

२. टेस्टर मेन पाडण्याआधी चालू प्लगमध्ये लावून पेटतो का बघ, मगच पंख्याच्या वायरीला लाव — मुक्या टेस्टरची ग्वाही आणि रिकाम्या विहिरीचा रहाट, दोन्ही कामाचे नाहीत.

३. काचेचं भांडं उतरवून साबणाच्या पाण्यात धू आणि पुरतं वाळल्यावरच बसव — धाब्याची माती वरून झरत राहते, आणि पावसाळ्यात तापी-गोमाई नद्यांकडून येणारे किडे आत पंख टाकून मरतात. ते भांडं खालून बघ, तळाशी तपकिरी चकती दिसेल. तुझा निम्मा उजेड तिथेच अडलाय.

४. पाती पुसताना एक हात खालून आधाराला धर — वरून दाबलं की पातं वाकतं, वाकल्या पात्याने पंखा डुलतो, आणि रोजच्या डुलण्याने होल्डर सैल होतो.

५. आत्ताचा बल्ब किती वर्षांचा आहे ते सासूबाईंना विचार — एलईडी जुन्या बल्बसारखा फटकन उडत नाही, हळूहळू मंदावतो. बनवणारे त्याचं आयुष्य साधारण मूळ उजेडाच्या ७० टक्क्यांवर येईपर्यंतच धरतात, तेव्हा २०१५ च्या उजाला योजनेतला असेल तर त्याला आता मोरीत लाव.

६. नवा घेताना खोक्यावर वॉट नको, लुमेन वाच — जुना ६० वॉटचा पिवळा बल्ब साधारण ७०० लुमेन द्यायचा, चांगला ९ वॉटचा एलईडी ९०० च्या आसपास देतो. वॉट म्हणजे खर्च, लुमेन म्हणजे कमाई. जावई निवडताना दोन्ही विचारतात, मग बल्ब निवडताना का नको?

७. बंद भांड्यात फार मोठा एलईडी कोंबू नकोस. दोन होल्डर असतील तर दोन लहान लाव — एलईडीचं सर्किट त्याच्या बुडाशी असतं, उलटा टांगला की सगळी गरमी वर तिकडेच चढते आणि बल्ब अकाली जातो.

८. आता खरी मेख. दिवा लावून रेग्युलेटर पाचवरून दोनवर आण आणि दिव्याकडे बघ. पंख्यासोबत तोही मंदावला किंवा फडफडला, तर चोर सापडला — जुन्या घरात छताच्या आकड्यापर्यंत दोनच वायरी गेलेल्या असतात, त्यामुळे मागाहून दिव्याचा पंखा बसवणारा दिवाही रेग्युलेटरच्या पुढेच जोडून मोकळा होतो.

९. वायरमनकडून बोर्डापासून दिव्यासाठी वेगळी फेज ओढून घे, तिला वेगळं बटण दे — रेग्युलेटर पंख्यासाठी आहे, दिव्याला त्याच्या हाताखाली ठेवू नये. तिसरी वायर ओढणं शक्यच नसेल, तर पंख्याच्या वरच्या कपात बसणारा रिमोटचा रिसीव्हर मिळतो. तो पंखा आणि दिवा तिथल्या तिथे वेगळे करतो.

१०. नवा बीएलडीसी पंखा आणलास तर जुना रेग्युलेटर मधून काढूनच टाक — त्या पंख्याचं स्वतःचं सर्किट असतं, दोघांचं पटत नाही.

११. जुनी वायर वाकवल्यावर आवरणाचा भुगा पडला, तर चिकटपट्टीने झाकू नकोस, बदल. आणि पंख्याच्या लोखंडी अंगाला अर्थिंग करून घे — झाकलेली चूक आधी गरम होते, मग बोलते.

१२. नवा दिव्याचा पंखा टांगण्याआधी तुळईत आकड्याच्या आजूबाजूला स्क्रू ड्रायव्हर टोचून बघ — सागवान वरून ठणठणीत दिसतं, पण आत वाळवी लागली असेल तर टोक सहज आत जातं. तुळईला विचारल्याशिवाय पंख्याला आवतण देऊ नये.

१३. पंख्याच्या पात्यांच्या वर ट्यूब असेल तर ती भिंतीवर खाली आण — तीन पाती मिनिटाला ३०० फेरे फिरली, तर सेकंदाला १५ वेळा उजेड कापला जातो. भिंतीवर सावल्या धावतात आणि वाचणाऱ्याचं डोकं दुखतं.

१४. तुळयांमधल्या फळ्या आणि भिंतीचा वरचा पट्टा चुन्याने पांढरा कर, चुन्यात चिमूटभर नीळ घाल — धुराने काळवंडलेलं छत वर गेलेला उजेड गिळून बसतं, पांढरं छत तो परत खाली पाठवतं.

१५. ओट्यावर पिवळा दिवा, खोलीत पांढरा — किडे पिवळ्याकडे कमी येतात, मग भांडंही सारखं धुवावं लागत नाही.

१६. देवघरात अजून तारेचा जुना बल्ब असेल तर तोही बदल — व्होल्टेज १० टक्के उतरलं की त्याचा उजेड जवळजवळ ३० टक्के घटतो; चांगल्या एलईडीतलं सर्किट तेवढं सांभाळून घेतं.

१७. शिवणयंत्राशी आणि पोरांच्या अभ्यासाशी वेगळा छोटा दिवा दे — मधोमधचा दिवा पाठीमागे राहतो, आणि आपलीच सावली कामावर पडते. शिवाय दिवा निम्म्या अंतरावर आला की त्याचा उजेड चौपट पडतो.

१८. हे सगळं महाशिवरात्रीच्या यात्रेच्या पंधरा दिवस आधी उरक — गावातल्या केदारेश्वराला येणारे पाहुणे ओसरीवर टेकले, की वायरमनही यात्रेतच भेटतो.

१९. एका संध्याकाळी एकच बदल कर आणि त्याच जागी बसून तेच वर्तमानपत्र वाच — सगळं एकदम केलंस तर कशाने गुण आला ते कळणार नाही, आणि श्रेय मात्र महागड्या बल्बला जाईल.

२०. तरीही सासूबाई ‘अंधार आहे’ म्हणाल्या तर वाद घालू नकोस, त्यांचे डोळे तपासून आण — वय वाढलं की बाहुली लहान राहते, डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, आणि त्याच अक्षराला जास्त उजेड लागतो. चष्म्याचं काम बल्बकडून करून घेऊ नये. आणि जातेस तशी तुझेही तपासून ये. सुई ओवताना कशी डोळे बारीक करतेस, ते मामाने पाहिलंय.