लाकडावर हलणाऱ्या लाटा

व्हायोलिनची पाठ तुम्ही जवळून पाहिली आहे का? चांगल्या व्हायोलिनच्या पाठीवर वाघाच्या अंगावर असतात तसे उजळ व गडद आडवे पट्टे दिसतात. वाद्य किंचित कलते केले की उजळ पट्टा गडद होतो आणि गडद पट्टा उजळतो. जणू लाकडावरून लाट सरकली!

हे लाकूड मेपल वृक्षाचे. इटलीतील स्ट्रॅडिव्हारी (मृत्यू १७३७) याच्या व्हायोलिनांची पाठही मेपलचीच. मेपलच्या काही जाती हिमालयात वाढतात. आपल्या खानदेशात नाहीत. तरीही या लाटांचे कोडे शिंदखेड्यात बसून सोडवता येते.

केसांना बांधायची सॅटिनची फीत घ्या. तिला लहान लहान लाटा देऊन टेबलावर ठेवा व एका बाजूने बॅटरीचा उजेड टाका. लाटेची एक बाजू चमकेल, दुसरी काळवंडेल. डोके हलवा; चमक जागा बदलेल.

लाकूड म्हणजे खोडाच्या लांबीला धरून रचलेले असंख्य सूक्ष्म तंतू. लहरी मेपलमध्ये हे तंतू सरळ न जाता नागमोडी जातात. फळी रंधून सपाट केली, तरी आतले तंतू कुठे वर येतात, कुठे खाली बुडतात. तंतूचा कल बदलला की परावर्तित प्रकाशाची दिशा बदलते. म्हणजे पट्टे रंगाचे नसून मुख्यतः प्रकाशाचे असतात. सागाच्या फळीवरील वार्षिक वलयांच्या रेषा मात्र फळी कलती केली तरी जागच्या हलत नाहीत.

हेच नागमोडी तंतू सुताराला छळतात. तंतूंच्या कलाने रंधा चालवला तर भुसा तलम निघतो. उलट चालवला तर तंतू उपटून खड्डे पडतात. लाटेला चढ आणि उतार दोन्ही असल्यामुळे रंधा कोणत्याही बाजूने मारा, काही भाग उलटाच येणार. म्हणून पाते अतिशय धारदार ठेवून अगदी पातळ थर काढावा लागतो, किंवा पोलादी पट्टीने खरवडावे लागते.

तंतू तिरपे झाल्याने लांबीच्या दिशेतील मजबुतीही कमी होते. त्यामुळे असे लाकूड भार पेलणाऱ्या तुळईला नव्हे, तर वाद्याची पाठ, पेटीचे झाकण, कपाटाचे दार यांना शोभते.

करून पाहा : आंब्याच्या लाकडातही कधी कधी अशा लाटा सापडतात. सुताराकडे रंधलेली फळी पाहा. शेजारी लाकडाचे चित्र छापलेला सनमायका ठेवून दोन्ही कलते करा. कोणत्या लाटा हलतात? का?