थायरॉईडचा उपचार आणि अंगदुखी

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातील पाथर्डी हा अवर्षणप्रवण तालुका. दसरा-दिवाळी उलटली की येथील अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी साखर कारखान्यांच्या परिसरात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. पहाटेपासून ऊस तोडावयाचा, मोळ्या बांधावयाच्या, त्या डोक्यावरून नेऊन गाडी भरावयाची, असे हे काम. अशा कष्टकऱ्याने अंग दुखते असे म्हटले, तर त्यात नवल ते काय, असेच कोणालाही वाटते. नेमके यामुळेच एक आजार बराच काळ झाकला जातो. तो म्हणजे थायरॉईड, अर्थात अवटू ग्रंथीची मंदावलेली क्रिया.

गळ्याच्या पुढील भागातील ही ग्रंथी थायरॉक्सिन हे संप्रेरक रक्तात सोडते. ते कमी पडले की स्नायूंमधील ऊर्जानिर्मिती मंदावते. आखडलेला स्नायू सैल होण्यासही वेळ लागतो. खांदे व मांड्या दुखतात, पोटऱ्यांत गोळे येतात, उकिडवे बसल्यावर उठताना आधार लागतो. श्रमाची अंगदुखी बहुधा चार दिवसांच्या विश्रांतीने उतरते. ही उतरत नाही. तिच्या जोडीला थंडी न सोसणे, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, पाळीतील बदल अशी लक्षणे असल्यास रक्तातील टीएसएचची तपासणी करून घेणे अगत्याचे ठरते. हा आजार स्त्रियांत अधिक आढळतो.

गोळी सुरू झाली, तरी दुखणे का?

१८९१ मध्ये इंग्लंडमधील डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क टोचून एका स्त्रीवर यशस्वी उपचार केला. आता थायरॉक्सिनची लहानशी गोळी रोज घेणे पुरते. मात्र तिचा गुण सावकाश येतो. मात्रा ठरविल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासतात. अहवाल सुधारल्यानंतरही स्नायू पूर्ववत होण्यास काही महिने लागू शकतात. या अवधीत हलका शेक, थोडे चालणे आणि जमेल तितके कमी ओझे हेच हितकारक. वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊन उन्हात राबणे मूत्रपिंडांना बाधू शकते. थायरॉक्सिनची मात्रा स्वतःहून वाढविणेही तितकेच चूक. अधिक मात्रेनेही स्नायू दुबळे होतात व छातीत धडधड सुरू होते. कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध चालू असेल तर ते डॉक्टरांना अवश्य सांगावे, कारण त्यानेही स्नायू दुखू शकतात. दुखणे रेंगाळलेच, तर ड जीवनसत्त्वाची उणीव आहे काय, हेही डॉक्टर पाहतात.

गोळी सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा घेऊ नये. तोडणीवर पहाटे पहिला चहाच होतो, ही खरी अडचण. तेथे डॉक्टरांच्या सल्ल्याने रात्रीच्या जेवणानंतर किमान ३ तासांनी गोळी घेता येते. लोह व कॅल्शियमच्या गोळ्यांत आणि हिच्यात ४ तासांचे अंतर हवे.

गोळी बंद केली तरी रक्तातील थायरॉक्सिन निम्म्यावर येण्यास सुमारे आठवडा लागतो. त्यामुळे पहिले काही दिवस काहीच बिघडत नाही आणि गोळीवाचूनही चालते, असा समज होतो. पुढे काही आठवड्यांनी हातपाय जड होतात, तेव्हा दोष कोयत्याला दिला जातो! गाव सोडण्यापूर्वी हंगामभर पुरतील इतक्या गोळ्या आणि मात्रा लिहिलेली चिठ्ठी कुटुंबाजवळ आहे काय, हे ग्रामपंचायत सदस्य वा शिक्षक सहज विचारू शकतात. कोपीत गोळ्या चुलीपासून व ओलीपासून दूर ठेवाव्यात. स्त्रीला दिवस गेले असतील तर मात्रा बहुधा वाढवावी लागते. तिने लगेच डॉक्टरांना भेटावे.

तीव्र अंगदुखीबरोबर लघवी काळ्या चहासारखी गडद झाली, तर मात्र मुकादमाच्या सवडीची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.