मेळघाटात जायचं तर पावसाळ्यात जा

दिवाळी संपली की आम्हाला फोन यायला लागतात. अकोल्याच्या जठारपेठेतून, अमरावतीच्या रुक्मिणीनगरातून, कधी परतवाड्याहून. बोलणारे बहुतेक निवृत्त शिक्षक, बँकेतले, पाटबंधारे खात्यातले. मुलं पुण्याला किंवा परदेशात, पेन्शन सुरू झालेली, हातपाय अजून धड. "ताई, आम्हा दोघांनाही मेळघाटात यायचंय. उरलेलं आयुष्य तिथंच घालवू म्हणतो." या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. तरीही मी प्रत्येकाला एकच सांगते : उरलेलं आयुष्य द्यायला येऊ नका, एक पावसाळा द्यायला या.

आम्ही दोघं अकोल्याचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होते, हे कृषी विद्यापीठात नोकरीला होते. निवृत्तीनंतर धारणी तालुक्यातल्या एका गावात, एका संस्थेच्या केंद्रावर राहायला गेलो. नकाशावर हा अमरावती जिल्हाच. पण परतवाडा सोडून घाट चढला, सेमाडोह-हरिसाल मागे पडलं की आपण परमुलखात आलो हे कळायला वेळ लागत नाही. कोरकू भाषा मुंडा कुळातली. मराठीशी किंवा हिंदीशी तिचं नातं नाही. बाजारात मोडकीतोडकी हिंदी चालते, पण आजारी लेकराची आई काळजीनं बोलायला लागली की कोरकूतच बोलते. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या आसपास. म्हणून तिथले लोक मोठ्या दवाखान्यासाठी अनेकदा बऱ्हाणपूरच जवळ करतात. अकोल्याहून अकोट, धूळघाटमार्गे खंडव्याला जाणारी मीटरगेज गाडी होती, तीही या जंगलाच्या भागात २०१७ पासून बंद आहे.

आपल्याकडे सेवा म्हटलं की डोळ्यांसमोर मोठी माणसं येतात. दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ साली अमरावतीला कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारलं. बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे राहिले, त्यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. लवाद्याला सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी बांबूचं काम उभं केलं. त्यांच्या कामापुढे मी नतमस्तक आहे. पण मेळघाटातली ही जोडपी उमेदीच्या वयात इथं आली. इथली भाषा, इथला पाऊस, इथली माणसं यांच्यात त्यांची वर्षं गेली. आपण जातो साठीनंतर, बीपीची गोळी आणि दुखरा गुडघा घेऊन. त्यांचा कित्ता गिरवायला निघालेली चांगली चांगली जोडपी दीड-दोन वर्षांत मोडून परत गेलेली मी पाहिली आहेत, आणि जाताना मनात कडवटपणा घेऊन गेली, याचं मला जास्त वाईट वाटतं.

याउलट परदेशात मॉर्मन चर्चची एक पद्धत आहे. निवृत्त जोडप्यांना ते दूरदेशी सेवेला पाठवतात, पण सहा महिने, वर्ष, दीड वर्ष अशी मुदत आधीच ठरलेली असते, खर्च ज्याचा त्याने करायचा आणि जाण्याआधी डॉक्टरांची तपासणी सक्तीची. त्यांच्या धर्मप्रचाराशी मला कर्तव्य नाही. पण म्हाताऱ्या माणसांकडून काम कसं घ्यावं याचा त्यांनी जो विचार केला आहे, तो आपल्या संस्थांनी करायला हवा. मुदत ठरलेली असली की माणूस दमाने काम करतो, घरच्यांचा जीव टांगणीला लागत नाही आणि परत जाताना हरल्यासारखं वाटत नाही.

आता बायकांसाठी, आणि हे जरा सविस्तर लिहिते. जोडपं येतं तेव्हा संस्थेला नवऱ्याचं काम लगेच सुचतं : हिशेब, परसबाग, शाळेतली शिकवणी. बायकोबद्दल गृहीत असतं की त्या आल्यात म्हणजे स्वयंपाकाचं बघतील. केंद्रावर माणसांचा राबता असतो. विद्यार्थ्यांच्या सहली, पत्रकार, जीपमधून उतरणारे साहेब. कोणी कधीही येतं आणि चहा-पोहे, पिठलं-भाकरी आलीच. चाळीस वर्षं घर आणि नोकरी दोन्ही ओढलेली बाई इथं येऊन पुन्हा चुलीपाशी बसते, आणि तक्रार करायची तर सेवेला आलेल्या माणसाने तक्रार कशी करावी म्हणून गप्प राहते. पहिल्या पावसाळ्यात मी हे सोसलं. दुसऱ्या खेपेला येण्याआधी संस्थेशी बोलून संध्याकाळचा अभ्यासवर्ग माझा, हे ठरवून घेतलं आणि स्वयंपाकाला गावातल्या दोघींना मजुरीवर लावायला सांगितलं. त्यामुळे दोन घरांत चार पैसेही गेले. म्हणून सांगते, दोघांचं काम वेगवेगळं, आणि येण्याआधी कागदावर लिहून घ्या. जिला मुळात यायचंच नाही, फक्त नवऱ्याच्या इच्छेखातर येते आहे, तिला आणू नका. तिच्यावर तो अन्याय आहे आणि कामालाही त्याचा उपयोग नाही.

तब्येतीचं फार मनावर घ्या. एका ऑगस्टमध्ये यांना थंडी वाजून ताप भरला. आशाताईने बोटातून रक्त घेऊन तपासलं, मलेरिया निघाला. गोळ्या सुरू झाल्या, पण ताप हटेना, शुगर वरखाली व्हायला लागली. सिपना नदी फुगलेली, रपट्यावरून पाणी, एसटी बंद. पाणी ओसरल्यावर केंद्राची एकुलती एक जीप यांना घेऊन गेली आणि दिवसभर तिकडेच अडकली. त्याच दुपारी वाडीतल्या एका बाईच्या कळा सुरू झाल्या. १०८ ची गाडी येईपर्यंत तिला ताटकळावं लागलं. बाळंतीण सुखरूप सुटली, लेकरूही धड आहे. पण यांना कळलं तेव्हा खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "मी कायले आलो अन् करून काय रायलो!" तो दिवस आम्ही दोघंही विसरलो नाही. आपण आजारी पडलो तर गावाची गाडी, गावाची आशाताई, गावातला डॉक्टर आपल्यापायी अडकतो. तेव्हा निघण्याआधी पूर्ण तपासणी करा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी, हृदयाचं दुखणं असणाऱ्यांनी आतल्या गावात राहू नये. धारणीत राहून करण्यासारखी कामं पुष्कळ आहेत. मृग लागण्याआधी दोन-तीन महिन्यांची औषधं आणून ठेवा. मच्छरदाणी, विजेरी, चालायला काठी, आणि रात्री बाहेर पडताना पायात बूट.

मुक्काम दिवाळीपुढे लांबला तर पेन्शनवाल्यांनी नोव्हेंबरातला हयातीचा दाखला आधी डोक्यात ठेवावा. ओळखीच्या एका गुरुजींची पेन्शन त्यापायी थांबली होती. वयाने बोटांच्या रेषा झिजतात, यंत्रावर ठसा उमटत नाही आणि गावात रेंज नसते. आता चेहरा दाखवून मोबाईलवर दाखला देता येतो, पण ते धारणीत किंवा घरी येऊनच करावं. महिन्यातून एकदा घरी यावंच. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पंच्याहत्तरीनंतर प्रवास मोफत आहे, तेव्हा पैशाची सबब नको. नातवंडांना तोंड दाखवा, घराची झाडलोट करा, परत जा.

येताना जुने कपडे आणि बिस्किटांचे पुडे भरून आणू नका. कोदो-कुटकी आणि मक्यावर वाढलेल्या लेकरांना पुड्याची चटक लागली की जेवण सुटतं. आणि आपला देव, आपलं व्रत, आपली पोथी आपल्यापुरती ठेवा. कोरकूंना त्यांचे देव आहेत, मेघनाथाची पूजा आहे, पाच दिवसांची होळी आहे. त्यांना त्यात सुधारणा नको आहे.

मग आपण करायचं तरी काय, असं कोणी विचारलं की मी एक प्रसंग सांगते. जुलैमध्ये एक आई दीडेक वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन अंगणवाडीत आली. अंगणवाडीताईने दंडघेराची पट्टी त्याच्या दंडाभोवती गुंडाळली. पट्टीवर लाल रंग आला, म्हणजे साडेअकरा सेंटिमीटरच्याही खाली. लेकरू रडतही नव्हतं, नुसतं बघत होतं. धारणीच्या उपजिल्हा रुग्णालयात ठेवायला हवं होतं. आई मान हलवून नाही म्हणाली. घरी आणखी दोन लेकरं, शेतात सोयाबीनचं निंदण, सासू म्हातारी. शहरातून आलेलं कोणीही तिथं वाद घालायला बसलं असतं. आशाताई, त्याच गावची कोरकू बाई, वादात पडलीच नाही. संध्याकाळी ती त्यांच्या ओसरीवर जाऊन बसली, सासूशी बोलली, बुडीत मजुरी मिळते ते सांगितलं, भूमका म्हणजे गावचा वैदू, त्यालाही बोलावून त्याचा होकार घेतला, कारण त्याच्या शब्दाला वाडीत मान आहे. दुसऱ्या दिवशी आई लेकराला घेऊन धारणीला गेली. माझ्या वाट्याला तिची थोरली दोन लेकरं आली. ती परत येईपर्यंत दिवसभर माझ्यापाशी असत. त्यांना आंघोळ, वरण-भात, दुपारची झोप आणि पाटीवर रेघोट्या. आपलं काम एवढंच, आणि ते पुरेसं आहे. गावातली माणसं जे करतात त्यात त्यांचा एखादा हात मोकळा करून द्यायचा. आशाताईच्या पुढे चालायचं नाही.

राहिला पावसाळ्याचा मुद्दा. मेळघाटातली बालमृत्यूंची बातमी १९९३ मध्ये देशभर गाजली, तीही पावसाळ्यातच. घरातलं धान्य संपत आलेलं, आयाबाया दिवसभर शेतात, मलेरिया, हगवण, रस्ते बंद. जून ते सप्टेंबर हेच लेकरांचे वाईट महिने, आणि नेमके तेव्हा बाहेरचे हात कमी पडतात. दिवाळी झाली की बरीच कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात ती होळीला परततात. हिवाळ्यात चिखलदऱ्याची हवा छान असते, म्हणून आपली माणसं तेव्हा येतात आणि निम्म्या घरांना कुलूप बघून परत जातात.

तेव्हा अकोला-अमरावतीच्या निवृत्त शिक्षक, परिचारिका आणि कृषी सहायकांना माझी विनंती आहे. मेळघाटात बऱ्याच संस्था वर्षानुवर्षं काम करत आहेत. त्यांतल्या एखाद्या संस्थेला मार्च-एप्रिलमध्येच भेटा, दोघांचं काम आणि परतीची तारीख ठरवून घ्या आणि मे अखेरीस येऊन राहा. दिवाळीत आपापल्या घरी असा. पुढच्या वर्षी तब्येत साथ देत असेल तर पुन्हा या.