एका शून्याची किंमत

पट्टीने पेन्सिलीची लांबी मोजून तुम्ही वहीत ‘५.० सें.मी.’ असे लिहिता. शेवटचे शून्य गाळले तर आम्ही शिक्षक गुण कापतो. कारण माप मिलिमीटरपर्यंत पाहिले आहे, हे ते शून्य सांगते. त्याला आपण सार्थ अंक म्हणतो. पण हेच शून्य औषधाच्या चिठ्ठीवर घातक ठरू शकते.

समजा, डॉक्टरांनी घाईने ‘५.० मि.ग्रॅ.’ असे लिहिले आणि टिंब पुसट उमटले. औषध देणाऱ्याला ते ५० दिसेल. म्हणजे दहापट मात्रा! उलट ‘.५’ मधले टिंब नजरेतून सुटले तर ५ वाचले जाईल. पुन्हा दहापट! म्हणून ‘५’ आणि ‘०.५’ असेच लिहावे. ‘५’ मध्ये हरवण्यासारखे टिंबच नाही. ‘०.५’ मधले टिंब दिसले नाही तरी ‘०५’ असे विचित्र रूप पाहून वाचणारा थबकतो. अमेरिकेत रुग्णालयांची तपासणी करणाऱ्या जॉइंट कमिशन या संस्थेने २००४ साली ‘५.०’ आणि ‘.५’ या दोन्ही रीती औषधांच्या मात्रेसाठी वर्ज्य ठरविल्या. प्रयोगशाळेतील मापांना मात्र शेवटच्या शून्याची मुभा ठेवली. आपला सार्थ अंक तिथे शाबूत आहे!

आता प्रश्न असा, की चूक झाल्यावर वाचणाऱ्याला रागावून भागेल काय? उद्या दुसरा कोणी तेच चुकीचे वाचील. वॉल्टर श्यूहार्ट हे मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. कारखान्यात माल तयार झाल्यावर दोष वेचत बसण्यापेक्षा तयार करण्याची पद्धतच सुधारावी, असा त्यांचा विचार होता. त्यासाठी १९२४ साली त्यांनी नियंत्रण आलेख मांडला. त्यांच्या विचारांतून पुढे चार पायऱ्यांचे चक्र रूढ झाले : योजना, कृती, अभ्यास आणि सुधारणा. औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांना औषधसुरक्षा शिकविताना हेच चक्र वापरता येते. तुम्हीही ते वर्गात करून पाहा.

वीस चिठ्ठ्यांवर फिक्या पेन्सिलीने ५.०, .५, २.०, .२५ अशा मात्रा भराभर लिहा. चिठ्ठ्या पिसून मित्राला तीन मीटरवरून वाचायला सांगा. चुका मोजा, दहापट किंवा त्याहून मोठ्या चुका वेगळ्या नोंदवा. मग त्याच मात्रा ५, ०.५, २, ०.२५ अशा लिहून पुन्हा वाचून घ्या. पेन्सिल, अंतर, उजेड आणि वाचणारा तोच हवा. बदल फक्त लिहिण्याच्या रीतीत. दोन्ही वेळच्या चुकांचा तक्ता करा. चुका उरल्याच, तर त्या कोणत्या आकड्यांत आहेत ते पाहून रीतीत आणखी एक सुधारणा सुचवा आणि पुन्हा मोजा.

चुका कमी झाल्या तर एक गोष्ट ध्यानात घ्या. वाचणारे डोळे तेच होते. सुधारली ती लिहिण्याची रीत.