कीळूरचा कौल

१९४७ साली भारतातून इंग्रजी अंमल गेला. परंतु या भूमीवरील परकी निशाणे सर्वच उतरली नव्हती. गोवा, दमण व दीव येथे पोर्तुगीजांचे, तर पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम आणि चंद्रनगर येथे फ्रेंचांचे राज्य चालूच होते. चंद्रनगरच्या लोकांनी १९४९ मध्ये मतदान करून भारताला कौल दिला. बाकीच्या चार ठाण्यांचा प्रश्न मात्र अडून बसला.

फ्रान्सच्या १९४६ च्या राज्यघटनेप्रमाणे रहिवाशांच्या संमतीवाचून कोणताही प्रदेश दुसऱ्या राष्ट्रास देता येत नव्हता. तेव्हा लोकांचे मत घेणे भाग होते. भारताची शंका अशी, की परकी सत्तेच्या शिपायांच्या देखत घेतलेले सार्वमत निर्भय कसे होणार? दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. म्हणूनच ही गाठ सुटेना. खलिते जात, खलिते येत, आणि वर्षे लोटत.

१९५४ साली वारे फिरले. मे महिन्यात व्हिएतनाममधील दिएन बिएन फू येथे फ्रेंच सेनेचा दारुण पराभव झाला. जूनमध्ये पंतप्रधान झालेल्या मेंदेस फ्रान्स यांनी ते युद्ध थांबवले. इकडे यानम व माहे येथील लोकांनी फ्रेंच अंमल झुगारूनही दिला होता. अखेर मधली वाट निघाली: प्रत्येक नागरिकाचे मत न घेता, लोकांनी निवडून दिलेल्या प्रतिनिधींचे मत घ्यावे.

१८ ऑक्टोबर १९५४ रोजी पाँडिचेरी प्रदेशातील कीळूर नावाच्या लहानशा खेड्यात १७८ प्रतिनिधी जमले. विलीनीकरणाच्या बाजूने १७० मते पडली, विरुद्ध अवघी ८. तीनच दिवसांनी दिल्लीत परराष्ट्रसचिव रतनकुमार नेहरू व फ्रेंच राजदूत ओस्त्रोरोग यांनी करारावर सह्या केल्या, आणि १ नोव्हेंबरला कारभार भारताच्या हाती आला. कागदोपत्री काम मात्र रेंगाळले. प्रदेश सोपवण्याचा तह १९५६ मध्ये झाला, आणि त्याला फ्रान्सची अंतिम मंजुरी मिळाली ती १९६२ मध्ये!

पोर्तुगालकडेही भारताने फेब्रुवारी १९५० मध्ये बोलणी करण्याची मागणी केली होती. पोर्तुगालने ती नाकारली. उलट १९५१ मध्ये आपल्या वसाहतींना ‘सागरापलीकडील प्रांत’ असे नवे नाव दिले. जणू नाव बदलल्याने घर बदलते! १९५३ मध्ये भारताने लिस्बन येथील आपली वकिलात बंद केली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडण्यात आल्या. कित्येकांचे प्राण गेले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सेनेने गोवा मुक्त केला. पोर्तुगालने ही गोष्ट मान्य केली, तो करार झाला ३१ डिसेंबर १९७४ रोजी.