जुनी रायफल घेताना

बाळ, शिकारीची परीक्षा पास झालीस आणि लगेच जुन्या रायफलींचे फोटो पाठवायला लागलीस. सगळ्या फोटोंत लाकडी दस्त्याची पॉलिशच जास्त! स्वीडनच्या जंगलातला मोठा नर मूस चारशे किलोंच्या पुढे जातो, त्याला तुझ्या पॉलिशशी काय घेणं? आपण त्याचं एकच देणं लागतो : पहिल्याच गोळीत काम व्हावं, जनावर तळमळत फिरू नये. मामाचं एवढं ऐक, मग हवी ती घे.

१. आधी मंजूर प्रतीचं लोखंडी कपाट घे, मग रायफल बघ – पोलीस परवाना त्या ठरावीक रायफलीसाठीच देतात आणि तो हातात येईपर्यंत ती विकणाऱ्याकडेच राहते. कपाट आधी, कौतुक मागून.

२. स्वीडिश सैन्यातली जुनी एम-९६ मॉझर दिसली, की चेंबरच्या वरच्या कड्यावरचा कारखान्याचा शिक्का आणि साल वाच, मग बोल्टवरचे आकडे रायफलीच्या आकड्यांशी ताडून बघ – बोल्ट दुसऱ्या रायफलीचा असेल, तर तो बंद झाल्यावर काडतुसामागे किती जागा उरते हे कारागिराने गेज लावून मोजल्याशिवाय एकही गोळी झाडायची नाही.

३. एम-९६ च्या दस्त्याच्या उजव्या अंगाला पितळी चकती असते, तिच्यावर नळीचा व्यास आणि नळीची अवस्था कोरलेली असते. वाच जरूर, पण तिच्यावर विसंबू नकोस – ती सैन्याच्या तपासणीपुरती खरी, आणि दस्ते पुढे बदललेही जातात.

४. नळी बघण्याआधी विकणाऱ्यासमोरच कोरडं फडकं आरपार ओढ, मग उजेडाकडे धरून बघ – तेलाचा थर खड्डे झाकतो. चेंबरच्या पुढची दोन बोटं आणि तोंडाची कड, या दोन जागा नीट न्याहाळ. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमधले क्षार नळीत राहून गंज धरायचे, आणि तोंडाकडून गज घालून साफ करणाऱ्यांनी कड झिजवलेली असते. पॉलिश हसते, नळी बोलते.

५. दस्ता मनगटापाशी आणि बोल्टच्या मागे बारीक चिरलाय का, नखाने चाचप – दर गोळीचा धक्का तिथेच बसतो.

६. रायफल रिकामी आहे हे स्वतः बघून, नळी सुरक्षित दिशेला धरून बोल्ट जोरात पुढे आपट. घोडा आपोआप पडला तर ती रायफल परत ठेव – चाप हलका करायला कोणीतरी आतून घासलेला असतो. सैन्याचा चाप दोन टप्प्यांचा असतो, पहिला ढिलेपणा हा दोष नव्हे.

७. दुर्बीण बसवलेली असेल तर सेफ्टी फिरवून बघ – मॉझरची सेफ्टी बोल्टच्या मागे पंखासारखी उभी राहते, आणि खाली बसवलेली दुर्बीण तिला अडवते. सरळ दांड्याचा बोल्टही दुर्बिणीला लागतो, तो वाकवलेला आहे ना, पाहा.

आता काडतूस. इथे जरा थांब, कारण लोक रायफलीवर महिनाभर बोलतात आणि गोळी घाईत विकत घेतात.

८. ६.५×५५ घेतलीस तर १० ग्रॅमच्या वरचीच, फुलणारी गोळी वापर – स्वीडनमध्ये मूससाठी १० ग्रॅम किंवा जड गोळीची ऊर्जा १०० मीटरवर निदान २००० जूल लागते. ९ ते १० ग्रॅमच्या गोळीला २७०० जूल, आणि तिथवर ही काडतुसं सहसा पोचत नाहीत. १८९४ मध्ये हे काडतूस स्वीडन-नॉर्वेने मिळून घेतलं, तेव्हाची गोळी १०.१ ग्रॅमचीच होती. या नळ्यांचे आटे त्याच लांब गोळीसाठी घट्ट पिळलेले, म्हणून जुनी नळी तिच्यावर खूश असते.

९. नॉर्वेत शिकारीला जाशील तर तिथे जड गोळीला २२०० जूल लागतात – सीमा ओलांडण्याआधी काडतुसाच्या डबीवरचा १०० मीटरचा आकडा वाच.

१०. सैन्याची पूर्ण कवचाची गोळी मूसवर चालवायची नाही – ती फुलत नाही, आरपार जाते, आणि जनावर जखमी होऊन दूर निघून जातं.

११. हुस्कवार्ना कारखान्याच्या मॉडेल ४६ मध्ये ९.३×५७ पुष्कळ मिळते. जंगलातल्या जवळच्या अंतरासाठी मला ती फार आवडते. पण चेंबर कारागिराकडून मापून घे – काहींनी नंतर ते वाढवून ९.३×६२ केलेलं असतं आणि नळीवरचा शिक्का जुनाच राहतो.

१२. दणकट आणि सोपी हवी तर हुस्कवार्ना ६४०, हलकी हवी तर १६४० – ६४० ला मॉझर ९८ ची यंत्रणा आहे, आणि वायू मागे फुटलाच तर तो चेहऱ्यापासून वळवण्याची सोय तिच्यात एम-९६ पेक्षा चांगली आहे. माझं मत विचारशील तर पहिली रायफल यातलीच घे.

१३. नॉर्वेजियन क्राग-यॉर्गेनसेनच्या बोल्टची चाल लोण्यासारखी, मोह होईलच. तिच्या बोल्टला पुढे अडवणारा कान मात्र एकच – तिथे चीर नाही याची खात्री कर आणि तिला जोरकस काडतुसं देऊ नकोस.

१४. सगळे आकडे जुळलेली, अस्सल एम-९६ सापडली तर तिला दुर्बिणीसाठी भोकं पाडू नकोस – ती संग्राहकाला दे. कोणीतरी आधीच भोकं पाडलेली शोध, ती स्वस्तही पडते.

१५. सप्टेंबरआधी मूसच्या मैदानावर ८० मीटरवरून उभ्या आणि पळत्या लक्ष्यावर, हातमोजे घालून सराव कर – एम-९६ चा घोडा बोल्ट पुढे ढकलतानाच ताणला जातो, आणि अर्धवट ढकललेला बोल्ट ऐनवेळी फसवतो. जखमी जनावराचा माग काढणारा कुत्रा गोळी झाडल्यापासून दोन तासांत पोचेल अशी सोयही आधीच करून ठेव, कायदाच तसा आहे.

१६. थंडीतून आलीस की रायफल रिकामी करून पिशवीतच थोडा वेळ राहू दे – उबदार खोलीत गार लोखंडाला लगेच दव धरतं. मग पूस, सुकव, तेलाचा हात फिरव.

आणि पैसे द्यायच्या आधी मला शिक्क्यांचे, बोल्टच्या तोंडाचे आणि नळीच्या कडेचे फोटो पाठव. पॉलिशचे नकोत.