लिव्हर ड्रॅग रीळ निवडताना

सदाशिव पेठेतल्या रूमवरून वर्षातून दोनदाच मालवण गाठणाऱ्यांनी रीळ हलकंच घ्यावं, असं माझं मत. जिगिंगमध्ये शिशाचा जिग दिवसभर वर-खाली झटकायचा असतो. हात भरून येतो तो वजनाने. कॅटलॉगमधला जास्तीत जास्त ड्रॅग फारसा लागतच नाही. लिव्हर ड्रॅग म्हणजे आपला डिस्क क्लचच: लिव्हर पुढे नेला की चकत्या दाबल्या जातात. लाइन 15 किलोची असेल, तर मी ड्रॅग 5 किलोवर लावतो, तोही तानकाट्याने मोजून. आता टॉर्क = बल × त्रिज्या आठवा. सुरमईने लाइन ओढून स्पूलवरची त्रिज्या निम्मी केली, की तेच 5 किलो 10 होतात! अशा वेळी लिव्हर थोडा मागे घ्यायचा. घरी आल्यावर रीळ ओल्या फडक्याने पुसून ड्रॅग सैल ठेवा, नाहीतर चकत्या चिकटतात.